वीट बांधलेली पेन्सिल

पत्राचा सारांश: पत्रलेखक ६६ वर्षांचे आहेत. संगणकाच्या क्षेत्रात ३५ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका वरिष्ठ सहकाऱ्यानं त्यांच्या हातात एक झेरॉक्स ठेवली होती. संगणकाच्या माउसचे जनक, अमेरिकी अभियंता डग्लस एंगलबार्ट यांचा १९६२ सालचा अहवाल. जगापुढचे प्रश्न माणसाच्या आवाक्याबाहेर चालले आहेत, तेव्हा संगणक वापरून माणसांची, विशेषतः एकत्र काम करणाऱ्या माणसांची, बुद्धी वाढवायला हवी, असा त्याचा गाभा. तो वाचून आयुष्याची दिशा बदलली, असं पत्रलेखक सांगतात. एंगलबार्ट यांना ते कधी भेटले नाहीत. आता या प्रेरणेच्या आठवणी ते लिहीत आहेत. १४० पानं झाली आणि गाडी अडली. जुन्या डायऱ्या काढल्यावर दिसलं, की पक्की नोकरी सोडण्याच्या ज्या निर्णयाचं श्रेय ते अहवालाला देत आले, तो निर्णय अहवाल हाती येण्याच्या दीड वर्ष आधीच झाला होता. मुलगी हस्तलिखित वाचून म्हणाली, "बाबा, यात ते सारखे भेटतात, तुम्ही भेटतच नाही." एक मित्र म्हणाला, "माउसवाल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तुझी कोण वाचणार?" शिवाय एंगलबार्ट यांचं सगळंच आता त्यांना पटत नाही. ते लिहिलं तर कृतघ्नपणा होईल का, पहिलं प्रकरण दुरुस्त करावं का आणि मुळात हे पुस्तक पुढे न्यावं का, असे त्यांचे प्रश्न आहेत. सोबत पहिल्या दोन प्रकरणांच्या प्रती जोडल्या आहेत.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या हस्तलिखितात तेविसाव्या पानावर एक वीट आहे. "अहवालात सांगितल्याप्रमाणे मीही पेन्सिलीला वीट बांधून लिहून पाहिलं. मजा वाटली." बस, दीड ओळ. त्यानंतर तुम्ही थेट सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचता, ९ डिसेंबर १९६८ रोजी, एंगलबार्ट यांच्या गाजलेल्या प्रात्यक्षिकाला, आणि पुढची एकोणीस पानं तिथून हलत नाही.

ती एकोणीस पानं वाईट आहेत असं नाही. उलट चांगली उतरली आहेत. हजारेक संगणकतज्ज्ञांनी भरलेलं सभागृह, मंचावर कानाला हेडसेट लावून बसलेले एंगलबार्ट, मागच्या भल्या मोठ्या पडद्यावर त्यांचा चेहरा आणि त्यांच्या संगणकावरची अक्षरं. खरा संगणक मात्र पन्नासेक किलोमीटरवर मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत. माउस, एका मजकुरातून दुसऱ्यात उडी मारण्याची सोय, दोघांनी दोन ठिकाणांहून एकाच पानावर काम करणं, हे सगळं नव्वद मिनिटांत. बाजारातून आणायच्या वस्तूंची यादी करून ते मजकुराची हलवाहलव दाखवतात, तो तपशील तुम्ही छान टिपला आहे. एवढं मोठं स्वप्न आणि उदाहरणाला घरच्या बाजारहाटाची यादी. त्या जागी मी हसले.

पण त्या प्रात्यक्षिकाचं चित्रीकरण आहे. ज्याला पाहायचं तो आज रात्री पाहू शकतो. तुमच्या विटेचं चित्रीकरण कुठेच नाही. ती फक्त तुमच्याकडे आहे आणि तुम्ही तिला दीड ओळीत उरकलंत.

इतर वाचकांसाठी सांगते. एंगलबार्ट यांना दाखवायचं होतं, की हातातलं साधन बदललं की विचार करण्याची रीतच बदलते. ते सिद्ध करायला चांगलं साधन तेव्हा त्यांच्यापाशी नव्हतं, म्हणून त्यांनी वाईट साधन केलं. पेन्सिलीला वीट बांधली, तेच वाक्य टंकयंत्रावर, साध्या हातानं आणि विटेसकट लिहून पाहिलं आणि वेळ मोजली. पेन्सिली जगात पहिल्यापासून इतक्याच जड असत्या, तर माणसं किती लिहिती, किती खोडती, पुन्हा किती लिहिती? आपले ग्रंथ, हिशेब, पत्रं, कायदे, सगळं कसं असतं? एका गंभीर तांत्रिक अहवालात हा प्रकार आहे. मला तो फार आवडतो.

आता तुम्हाला विचारते. वीट कुठून आणलीत? कशानं बांधलीत? सुतळीनं की तारेनं? घरी की ऑफिसात? रात्री एकटे होतात की कोणी बघत होतं? कोणतं वाक्य लिहिलंत? मनगट भरून आलं असेल. अक्षर कसं आलं? तो कागद ठेवलात का? नंतर साधी पेन्सिल हातात घेतल्यावर कसं वाटलं? या प्रश्नांची उत्तरं चार पानं तरी होतील. ती वाचणाऱ्याला एंगलबार्ट कोण हे आधी माहीत नसलं तरी चालेल. एक तरुण माणूस रात्रीच्या वेळी पेन्सिलीला वीट बांधतोय, एवढं दिसलं की तो पुढचं पान उलटणारच.

तुमच्या मुलीचं वाक्य म्हणजे याहून वेगळं काही नाही. आणि मित्राचं म्हणणंही तुम्हाला वाटतं तितकं टाकाऊ नाही. त्यानं निष्कर्ष चुकीचा काढला, पण दुखणं बरोबर ओळखलं: माउसवाल्याची गोष्ट सांगायला तुमची गरज नाही. तुमची गरज कशासाठी आहे, ते त्याला विचारायचं सुचलं नाही.

आता डायरीकडे वळू, कारण पत्रात सगळ्यात जास्त घालमेल तिच्यामुळेच दिसते. तीस वर्षं तुम्ही सांगत आलात, की तो अहवाल वाचला आणि पक्की नोकरी सोडून छोट्या कंपनीत गेलो. घरी सांगितलंत, निरोप समारंभात सांगितलंत, पहिल्या प्रकरणाचा शेवटही त्यावरच केलात. आणि डायरी म्हणते, राजीनामा आधी, अहवाल दीड वर्षानं. "मी इतकी वर्षं खोटं बोललो का?" असं तुम्ही लिहिलं आहे.

नाही. पण हे प्रकरण नीट उलगडण्यासारखं आहे, आणि गंमत म्हणजे ते उलगडायला खुद्द एंगलबार्टच मदतीला येतात.

१९४५च्या जुलैमध्ये व्हॅनेवार बुश या शास्त्रज्ञाचा 'अ‍ॅज वी मे थिंक' हा लेख 'अटलांटिक' मासिकात छापून आला. युद्धकाळात अमेरिकेतलं वैज्ञानिक संशोधन या बुशसाहेबांच्या देखरेखीखाली चाललं होतं. लेखात त्यांनी 'मेमेक्स' नावाचं एक काल्पनिक यंत्र मांडलं: एक टेबल, त्यात मायक्रोफिल्मवर साठवलेले ग्रंथ आणि कागदपत्रं, आणि एका कागदाला दुसरा जोडत वाचकानं स्वतः पाडलेल्या वाटा. त्याच वर्षी वीस वर्षांचे एंगलबार्ट नौदलात रडारचे तंत्रज्ञ होते. फिलिपिन्समधल्या लेते बेटावर, जंगलाच्या कडेला रेडक्रॉसचं एक वाचनालय होतं, तिथं हा लेख त्यांनी वाचला.

इथवर तुमच्याही हस्तलिखितात आहे, आणि तुम्ही तो प्रसंग वीज चमकावी तसा रंगवला आहे. पण पुढचं बघा. १९६२च्या मे महिन्यात, आपल्या अहवालात बुश यांच्या लेखातले उतारे घेण्याची परवानगी मागायला एंगलबार्ट यांनी त्यांना पत्र लिहिलं. त्यात लेतेच्या वाचनालयाची आठवण आहे. आणि त्यालाच जोडून अशा अर्थाचं म्हटलं आहे, की तीनेक वर्षांपूर्वी तुमचा लेख पुन्हा हाती आला आणि आपण नकळत किती त्याच दिशेनं चालत आलो, हे पाहून मी चकित झालो. म्हणजे मधली बरीच वर्षं तो लेख त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता. ज्या क्षणी आपलं आयुष्य वळलं असं ते स्वतः सांगत, तो तर तिसराच: डिसेंबर १९५०. लग्न ठरलेलं, चांगली नोकरी हातात, आणि कामावर जाताना एके दिवशी जाणवलं, की आता गाठायचं काही उरलंच नाही. मग पुढचं आयुष्य कशाला वाहायचं याचा विचार सुरू झाला. काही महिन्यांत, रडारच्या पडद्यांची सवय झालेल्या त्या डोक्यात, पडद्यासमोर बसून माहितीशी खेळणाऱ्या माणसाचं चित्र उभं राहिलं.

मग प्रेरणा नेमकी कधी मिळाली? १९४५ला, १९५१च्या सुमारास, की लेख पुन्हा सापडला तेव्हा? एंगलबार्ट यांना त्यातलं एक निवडून बाकीचे खोडावेसे वाटले नाहीत. परवानगी मागण्याच्या साध्या पत्रातसुद्धा त्यांनी 'चकित झालो' हे लिहिलं. तुमच्याही डायरीनं तुम्हाला नेमकं हेच दिलं आहे आणि तुम्ही ते लपवायला निघाला आहात.

माझा सल्ला असा. पहिलं प्रकरण दुरुस्त करू नका. म्हणजे तारखा बरोबर करा, त्यात तडजोड नाही. पण तुमची आवडती गोष्ट आधी जशी सांगत आलात तशी सांगा, आणि मग डायरीचं ते पान वाचकापुढे ठेवा. त्या दिवसाच्या नोंदीत तुम्ही म्हणता तसे मोजके शब्द आहेत: "राजीनामा दिला. डोकं हलकं." वरिष्ठांशी भांडण झालं होतं का? कामाचा कंटाळा होता का? की नुसतंच तरुणपण? काहीही असेल. दीड वर्षानं तो अहवाल आला आणि जे तुम्ही करून बसला होतात त्याला त्यानं कारण पुरवलं. हे काही कमी नाही. कित्येक माणसं राजीनामा देऊन नुसती बेकार होतात.

इथं एक जरा कडू बोलते. प्रेरणेच्या आठवणी लिहिणाऱ्यांची हस्तलिखितं माझ्याकडे बरीच येतात. कुणाच्या प्रेरणास्थानी शास्त्रज्ञ असतो, कुणाच्या अर्थतज्ज्ञ, कुणाच्या शिक्षणाचा विचार करणारा. जवळपास सगळ्यांत तो एक क्षण असतो: पुस्तक उघडलं, रात्र जागून काढली, सकाळी मी निराळा माणूस होतो. असं होतही असेल. पण इतक्या जणांच्या बाबतीत इतकं एकसारखं कसं होईल? तुमच्याकडे त्या क्षणाच्या विरुद्ध लेखी पुरावा आहे. या बाबतीत तुम्ही भाग्यवान आहात.

न भेटण्याची खंत तुम्ही तीनदा व्यक्त केली आहे. एकदा पुरे. लेते बेटावरच्या त्या तरुणालाही बुश भेटले नव्हते. त्याला मिळाली होती मासिकाची काही पानं. आणि त्या पानांत होतं तसं मेमेक्स त्यानं कधी बांधलं नाही. टेबल टाकलं, मायक्रोफिल्म टाकली. बुश यांच्या टेबलाशी एकटा संशोधक बसला होता; एंगलबार्ट यांच्या पडद्यांसमोर माणसांचा गट बसला. घेतल्या त्या फक्त वाटा, एका कागदातून दुसऱ्यात जाणाऱ्या.

आणि हाच धागा पकडून तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. कृतघ्नपणाच्या.

दुसऱ्या प्रकरणात तुम्ही एक गोष्ट तीन ओळींत सांगितली आहे. ती मी पाच वेळा वाचली. छोट्या कंपनीत तुम्ही सगळ्यांसाठी एक नोंदप्रणाली तयार केलीत. कुठल्या यंत्रात काय बिघडलं, कुणी काय करून पाहिलं, कशानं सुटलं, हे ज्यानं त्यानं लिहायचं आणि एक नोंद दुसरीला जोडायची. चार वर्षं ती चालली. पहिली दोन वर्षं माणसं आपणहून लिहीत होती. तुम्ही म्हणता, चहाच्या वेळेतसुद्धा. मग एका बैठकीत वरिष्ठांनी त्याच नोंदी छापून आणल्या आणि कुणाची चूक किती वेळा झाली ते वाचून दाखवलं. त्यानंतर, तुमच्याच शब्दांत, "नोंदी येत राहिल्या, पण त्यात खरं काही येईना." शेवटी बाहेरून विकत आणलेली दुसरी प्रणाली बसवली गेली आणि तुमची बंद झाली.

हे तीन ओळींत? आणि सॅन फ्रान्सिस्को एकोणीस पानांत?

तुम्हाला एंगलबार्ट यांचं काय पटेनासं झालं, ते या तीन ओळींत दडलेलं आहे. त्यांची मांडणी अशी होती, की माणसाची क्षमता एकट्या मेंदूत नसते. माणूस, त्याची भाषा, त्याची साधनं, कामाच्या पद्धती आणि या सगळ्याचं त्याला मिळालेलं प्रशिक्षण, या पाचांची मिळून एक व्यवस्था असते. एक बदललं की बाकीची बदलावी लागतात. फक्त नवं यंत्र आणून ठेवलं की झालं, असं त्यांनी कधी मानलं नाही आणि याबाबतीत ते आजच्या कित्येकांच्या पुढे होते. तुमच्याकडे यातलं सगळं होतं. साधन तुम्ही केलंत, पद्धत घालून दिलीत, शिकवलंत, नोंद कशी लिहायची याची भाषाही ठरवलीत. तरी ते मोडलं, कारण त्या पाचांत भीतीचा रकाना नाही. आपण लिहिलेलं आपल्याच अंगावर येणार नाही, हा भरवसा कुठे मोजायचा?

हा प्रश्न तुम्ही दूरवरून टीका म्हणून विचारत नाही. त्यांच्या सांगण्यावर चार वर्षं घालवून, त्या बैठकीत बसून, समोरच्यांचे चेहरे बघून विचारता. एवढी किंमत मोजून विचारलेल्या प्रश्नाला मी तरी कृतघ्नपणा म्हणणार नाही.

त्यात आणखी एक गंमत आहे. एंगलबार्ट यांनी कुठल्याही संस्थेच्या कामाचे तीन थर मानले, इंग्रजीतल्या ए, बी, सी या अक्षरांचे. 'ए' म्हणजे संस्थेचं रोजचं काम. 'बी' म्हणजे ते काम अधिक चांगलं व्हावं म्हणून केलेली सुधारणा. आणि 'सी' म्हणजे सुधारणा करण्याची आपली रीतच सुधारणं. यंत्रं दुरुस्त करणं हे तुमच्या कंपनीचं 'ए'. तुमची नोंदप्रणाली 'बी'. आणि 'ही प्रणाली आतून का मेली?' हे विचारणं म्हणजे 'सी'. ते तेव्हा कुणी केलं नाही, तुम्हीही नाही, नवी प्रणाली आली आणि सगळे पुढच्या कामाला लागले. आता वीस-पंचवीस वर्षांनी तुम्ही ते कागदावर करू पाहताय. म्हणजे ज्या प्रकरणाला तुम्ही घाबरताय, ते त्यांच्याच हिशेबात बसतं.

त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचा उत्तरार्ध तुम्ही हस्तलिखितात फार भरभर उरकला आहे, पाऊण पानात. मला वाटतं, तो तुम्हाला त्रास देतो. १९६८च्या उभं राहून केलेल्या टाळ्यांनंतर गोष्ट उतरणीला लागते. त्यांच्या पद्धतीत एका हातात माउस आणि दुसऱ्या हाताखाली पाच कळांचा छोटा संच असे. कळांच्या वेगवेगळ्या जुळण्या दाबून अक्षरं उमटवायची. शिकायला वेळ लागे, पण शिकलेल्याचा हात वाऱ्यासारखा चाले. शिकण्याचे कष्ट माणसांनी घ्यावेत, असं त्यांचं मत होतं. बाकीच्या जगाला सोपं हवं होतं. त्यांचेच काही साथीदार, १९६४ साली लाकडाच्या ठोकळ्यात पहिला माउस बसवणारे बिल इंग्लिशसुद्धा, झेरॉक्स कंपनीच्या नव्या संशोधन केंद्रात गेले. सरकारी पैसा आटला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी प्रयोगशाळेचं काम एका कंपनीला विकलं गेलं. माउसचं पेटंट १९७०चं, ते नोकरीला होते त्या संस्थेच्या मालकीचं. त्याची रॉयल्टी एंगलबार्ट यांना कधी मिळाली नाही. १९८८ साली मुलीला सोबत घेऊन त्यांनी स्वतःची छोटी संस्था काढली आणि तेच पुन्हा सांगत राहिले. ट्युरिंग पुरस्कार १९९७ला आला, अमेरिकी सरकारचं तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक २०००ला. २०१३च्या जुलैमध्ये ते गेले. जगानं माउस उचलला आणि बाकीचं टेबलावर तसंच ठेवलं.

तुमच्या एकोणीस पानांनीही तेच केलं आहे, असं म्हटलं तर रागावू नका. टाळ्यांचा दिवस उचलला आणि नंतरची पंचेचाळीस वर्षं तशीच ठेवली. तुमच्या नोंदप्रणालीची चार वर्षं त्या पंचेचाळीसच्या शेजारी ठेवून बघा. मला तिथं तुमचं पुस्तक दिसतं.

एक इशारा मात्र द्यायला हवा. दुसऱ्या प्रकरणात पुढे त्या बैठकीतल्या वरिष्ठांचं वर्णन आहे, ते मला खटकलं. चष्म्याआडून बघणारे, कागद आपटणारे, सिनेमातल्या खलनायकासारखे. त्यांना त्या दिवशी कुणीतरी वरून जाब विचारला असेल का? नोंदींचा असा वापर करू नये, हे तुम्ही प्रणाली सुरू करताना कुणाला सांगितलं होतं का? नसेल, तर तेही लिहायला हवं. भक्तीनं भरलेलं पुस्तक वाचकाला कंटाळवाणं होतं. तक्रारीनं भरलेलं त्याहून लवकर.

आता कामाचं. हे तुमच्यासारख्या इतरांनाही चालेल, मग प्रेरणास्थान कुणीही असो.

दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. ज्या परिच्छेदात कर्ता तो थोर माणूस आहे तिथं एका रंगाची रेघ, जिथं कर्ता तुम्ही किंवा तुमच्या भोवतीची माणसं तिथं दुसऱ्या. तुमच्या दोन प्रकरणांवर मी हे करून पाहिलं. एकाच रंगाची पेन्सिल झिजली. थोर माणसाबद्दल वाचकाला किती सांगायचं? तुम्ही पुढे जे केलंत ते समजायला लागेल तेवढंच आणि तेव्हाच. विटेच्या आधी विटेपुरतं. नोंदप्रणालीच्या आधी त्या पाच गोष्टींपुरतं. जन्मगाव, शिक्षण, पदव्या यांना प्रकरण देऊ नका.

पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला बसू नका, दमाल. आधी तीन प्रसंग सुटे लिहा: वीट, चहाच्या वेळेत स्वतःहून नोंद लिहिणारा पहिला माणूस, आणि ज्या दिवशी तुम्हाला पहिल्यांदा कळलं की समोरची नोंद खोटी आहे. ती कशी कळली? कोणती नोंद होती? 'सगळं ठीक' असं लिहिलेलं यंत्र समोर बंद पडलेलं होतं का? तिसरा प्रसंग सगळ्यात अवघड जाईल. त्यालाच जास्त दिवस द्या.

मतभेदाचं प्रकरण दिवंगत गुरूला लिहिलेल्या पत्राच्या रूपात लिहायचा मोह होईल. टाळा. सगळे तेच करतात, आणि पत्रात माणूस आपोआप वाकतो.

सहकाऱ्यांची नावं बदला. नुसतं नाव बदलून भागत नाही. हुद्दा, सवय, बोलण्याची लकब यांवरून माणूस ओळखू येतो. जे हयात आहेत आणि ज्यांच्याबद्दल बरंवाईट लिहिलंय, त्यांना ती पानं आधी दाखवता आली तर उत्तम. अहवालातली चार-दोन वाक्यं उल्लेख करून घेतलीत तर सहसा अडचण येत नाही. पानंच्या पानं किंवा छायाचित्रं घ्यायची असतील तर हक्कदारांची लेखी परवानगी लागेल. एंगलबार्ट यांनीही बुश यांना ते पत्र परवानगीसाठीच लिहिलं होतं, आणि त्या रुक्ष कारणामुळेच आज आपल्याला लेतेचं वाचनालय माहीत आहे. तुम्ही मागितलेल्या परवानगीच्या पत्रातही थोडं मनातलं लिहा, काय सांगावं.

पुस्तक पुढे न्यावं का? न्यावं. प्रकाशक मिळेलच असं मी सांगत नाही. न फळलेल्या प्रयोगांच्या आठवणींना रांग लागत नाही. पण पंधरा-वीस प्रती काढायला प्रकाशक लागत नाही, आणि पहिली वाचक तर तुमच्या घरातच आहे, तीही स्पष्टवक्ती. तिला हस्तलिखित पुन्हा देण्याआधी तिच्याकडून एक काढून घ्या: त्या चार वर्षांतलं तिला काय आठवतं? ती लहान असेल. तुम्ही किती वाजता घरी यायचात, जेवताना कशाबद्दल बोलायचात, प्रणाली बंद झाली त्या आठवड्यात घरात काय वातावरण होतं. तुमच्या डायरीत हे नसणार. "डोकं हलकं" लिहिणारा माणूस अशा गोष्टी लिहीत नाही.

एक शेवटचं, जे मला दोन्ही प्रकरणांत कुठेच सापडलं नाही. ती झेरॉक्स. "एका वरिष्ठ सहकाऱ्यानं दिली", एवढंच तुम्ही पत्रात लिहिलंय आणि हस्तलिखितातही एवढंच आहे. बुश यांना एक पान, एंगलबार्ट यांना साठच्या वर, आणि ज्यांनी शंभराच्या वर पानांची प्रत काढून, नव्यानं आलेल्या एका पोराला आणून दिली, त्यांना चार शब्द. त्यांनी ती तुम्हालाच का दिली? त्यांच्याकडे ती कुठून आली? समासात त्यांच्या हाताच्या खुणा होत्या का? त्यांनीही कधी काही करून पाहिलं होतं का, आणि त्याचं काय झालं? तुम्ही त्यांना कधी विचारलंत असं दिसत नाही. ते हयात असतील तर पुढचं पान लिहायच्या आधी त्यांना फोन करा. नसतील, तर त्यांच्या घरी कुणी असेल. आणि ती झेरॉक्स अजून तुमच्या कपाटात असेल, तर आधी तिचे समास तपासा.